क्ष. नाईक किती?

जून महिना, कॉलेज सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची फाइल उघडी होती. म्हणाले, "मॅडम, गोव्यात कॉमर्स-मॅनेजमेंटचं संशोधन किती होतं, कोण किती लिहितं, कोण कुणासोबत लिहितं, याचा एक आकडा काढून द्या. फाइलीला लागेल, आणि नोव्हेंबरातल्या कार्यशाळेत तुम्हालाच मांडता येईल."

"एकच आकडा?"

"एक-दोन चालतील."

मी फोंड्याजवळच्या एका कॉमर्स कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्या विषयाला असल्या मोजदादीची हौस जुनी. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९४८ साली इंग्लंडात लेमिंग्टन स्पाच्या परिषदेत 'लायब्रामेट्री' हा शब्द सुचवला, १९६९ मध्ये ॲलन प्रिचर्ड यांनी 'बिब्लिओमेट्रिक्स' पुढे आणला, आणि आम्ही मराठीत ग्रंथमिती म्हणतो. एम.लिब.च्या परीक्षेत लोटकाचा नियम मी दहा गुणांना लिहिला होता, आठ मिळाले होते. प्रत्यक्ष कधी काही मोजलं नव्हतं. दोन आठवड्यांत उरकेल असं वाटलं म्हणून हो म्हणाले. ते काम नोव्हेंबरापर्यंत पुरलं.

मोजायचं कुठून, इथूनच अडलं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधलेखांच्या मोठ्या सूची, त्यांची वर्गणी आमच्यासारख्या कॉलेजाच्या आवाक्यातली नाही. कॉलेजांसाठीच्या एन-लिस्ट योजनेत जर्नलं वाचायला मिळतात, मोजायला नाही. मग ओपनॲलेक्स या शोधलेखांच्या खुल्या सूचीकडे वळले. तसलंच मायक्रोसॉफ्टचं ॲकॅडेमिक बंद पडलं आणि २०२२ च्या जानेवारीत हे सुरू झालं. फुकट आहे, आणि नाव अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयावरून घेतलेलं, म्हणजे ग्रंथपालाला आवडणारच. मी शोधाच्या चौकटीत 'गोवा' टाकलं, विषय पर्यटन निवडला आणि चहाला गेले. परत येऊन बघते तो इंडोनेशियातल्या गुहा! तिकडच्या भाषेत गुहेला 'गोआ' म्हणतात. बालीची गोआ गजा, योग्यकर्त्याजवळची गोआ पिंदुल, सगळ्या रांगेनं हजर. त्या गाळल्या, तर कळंगुट-बागावर लिहिणारे दिल्ली-बंगळूरचे लोक उरले. त्यांचं संशोधन गोव्यावरचं खरं, पण गोव्यातलं नव्हे. शेवटी नियम केला: २०१० ते २०२४, आणि निदान एका लेखकाचा पत्ता गोव्यातल्या संस्थेचा हवा. विषय मग फेणीचा असो नाहीतर फिनलंडचा.

नियम केला खरा, पण एकाच विद्यापीठाचा पत्ता किती परींनी लिहिता येतो ते मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. ताळगाव पठार, ताळगाव प्लेटो, नुसतं 'गोवा युनिव्ह', कुठे पिनकोड चुकलेला, कुठे पणजीऐवजी जुनं 'पंजिम'. हे सगळं मी एक्सेलमध्ये हातानं सारखं केलं. यात सांगण्यासारखं काही नाही, डोळे तेवढे दुखले.

जर्नलांचं मात्र सांगायला हवं. कॉमर्समध्ये मध्यंतरी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचा जो बाजार भरला होता, तो ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २ मे २०१८ रोजी आपल्या मान्य यादीतून एका फटक्यात ४,३०५ जर्नलं काढून टाकली. पुढे केअर नावाची नवी यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. आता २०१७ साली यादीतल्या नाहीतर यादीबाहेरच्या, पण आज बदनाम असलेल्या जर्नलात छापलेला लेख धरायचा की नाही? बाहेरच्या देशांत यावर उपाय म्हणून ऑस्ट्रेलियन बिझनेस डीन्स कौन्सिलची प्रतवारी वापरतात, ए-स्टार, ए, बी, सी अशी. ती आमच्या यादीला लावून पाहिली तर चाळणीत जवळजवळ काही उरेना. सगळे लेख ठेवले आणि शंकास्पद जर्नलांच्या ओळी पिवळ्या केल्या. प्राचार्यांनी पिवळा रंग पाहिला आणि एवढंच म्हणाले, "प्रिंट काळ्या-पांढऱ्यात काढा."

मग नावं. सगळं काम खरं तर इथे आहे, आणि कुठल्याच अहवालात ते दिसत नाही.

गोव्यात आडनावं थोडी आणि माणसं फार. नाईक, गावकर, फर्नांडिस, देसाई. देसाईत परत एक 'एस' की दोन, प्रभुदेसाई जोडून की तोडून. डिसोझांच्या इंग्रजी स्पेलिंगातल्या त्या वरच्या टिंबानं संगणकाला वेड लावलं: टिंबासह एक माणूस, टिंबाशिवाय दुसरा, मधे जागा सोडली की तिसरा. लग्न झालेल्या बायकांचं तर विचारूच नका. आमच्याकडे अजूनही काही घरांत लग्नात आडनावाबरोबर नावही बदलतात. पीएच.डी.च्या आधीची एक बाई आणि नंतरची दुसरी, मधे फक्त मंगळसूत्र. २०१२ पासून ओआरसीआयडी नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळतो, तो घेतला की हा घोळ मिटतो म्हणतात. घेतलाय किती जणांनी? घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं पान कोरं होतं.

चवथीच्या सुटीत मी हे काम घरी आणलं. प्रत्येक लेखकाचं एक कार्ड केलं, जुन्या कॅटलॉगच्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्याकडे होताच: नाव, संस्था, विषय, सोबतचे लेखक. एकच माणूस वाटला की कार्डं रबरानं बांधायची. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधून झाली होती, कांगलां आणि सुपाऱ्यांचे घोस डोक्यावर लोंबत होते आणि खाली मी जमिनीवर कार्डं पसरून बसलेली. सासूबाई वाती वळत शेजारी बसल्या. आम्ही घरी कोकणीच बोलतो, इथे मराठीत लिहिते.

"हे कसले पत्ते मांडलेस?"

सांगितलं. त्यांनी एक कार्ड उचललं, लांब धरून वाचलं आणि गोव्यातला प्रत्येक माणूस विचारतो तेच विचारलं, "खंयचो? कोणालो?" कुठला, कोणाचा.

तो रकाना माझ्या कार्डावर नव्हताच. तरी गंमत म्हणून मी एकेक नाव वाचत गेले, आणि सासूबाईंनी तासाभरात निदान आठ-दहा माणसं सोडवली. ही ती शिरोड्याची, हिचं माहेरचं नाव अमुक. हे दोघे भाऊ, एक बँकेत होता तो मागाहून मास्तर झाला. अशी चौकशी करायला शेजारी बसायची सोय कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही.

तेवढ्यात एक जुडगा हाती आला. खरी आद्याक्षरं देत नाही, गावंही बदलते, क्ष. नाईक म्हणू. विषय सहकारी पतसंस्था आणि अर्बन बँका, पत्ता विद्यापीठाचा, आद्याक्षर एकच. मी रबर लावून टाकलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "हा बोरीचा. आपल्या मावशीच्या शेजारचा."

"बरं."

"पण काणकोणात पण एक आहे. तोही शिकवतो."

मी म्हटलं, आई, विषय एक, विद्यापीठ एक, सालं लागोपाठची. एवढा योगायोग कसा असेल? त्यांनी कार्ड खाली ठेवलं आणि वातीकडे वळल्या. मी रबर काढलं नाही.

चवथ झाल्यावर मोजायला बसले. सगळ्यात आधी लोटका. हा आल्फ्रेड लोटका न्यूयॉर्कमधल्या विमा कंपनीत संख्याशास्त्राचं काम करायचा. १९२६ साली त्यानं केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स या रसायनशास्त्राच्या लेखसंग्रहाची सूची घेतली आणि त्यातली फक्त 'ए' आणि 'बी'नं सुरू होणारी आडनावं मोजली, ६,८९१ माणसं. त्यातून दिसलं की एकच लेख लिहिणारे शंभर असतील तर दोन लिहिणारे पंचवीसच्या आसपास, तीन लिहिणारे अकरा, असं वर्गाच्या प्रमाणात घसरत जातं. म्हणजे सुमारे ६० टक्के लोक जन्मात एकदाच लिहितात. माझ्या यादीत एकदाच लिहिणारे त्याहून बरेच जास्त निघाले. मी दोनदा तपासलं, मग उजेड पडला. यूजीसीच्या २००९ आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रबंध सादर करण्याआधी एक लेख छापून यावा लागायचा. तो छापायचा, प्रबंध द्यायचा, संपलं. २०२२ च्या नियमांत ही अट गेली. माझ्या यादीतल्या कितीतरी माणसांचा एकुलता एक लेख म्हणजे त्या अटीची पावती. लोटकाच्या रसायनवाल्यांना निदान कुणी पावती मागत नव्हतं.

आता सहकार्य. आधी दहा कार्डांवर हात बसवला. त्यांत चार लेख एकट्याचे, चार दोघांचे, दोन तिघांचे. सुब्रमण्यम यांनी १९८३ साली सांगितलेली रीत सोपी: एकाहून जास्त लेखक असलेले लेख भागिले एकूण लेख. दहात सहा, म्हणजे ०.६. छान दिसतं. पण यात दोघांचा लेख आणि वीस जणांचा लेख एकाच मापाचे. म्हणून १९८८ मध्ये अजिफेरुके, बरेल आणि टेग यांनी दुसरा गुणांक काढला. प्रत्येक लेख म्हणजे एक भाकरी. एकट्यानं लिहिला तर त्याला पूर्ण, दोघांनी तर अर्धी, तिघांनी तर एक तृतीयांश. माझ्या दहा कार्डांवर एकेकाच्या वाट्याची बेरीज चार, अधिक दोन, अधिक दोन तृतीयांश, म्हणजे ६.६७. दहांनी भागून एकातून वजा केली की ०.३३. कार्डं तीच, माणसं तीच. एका रीतीनं आम्ही साठ टक्के मिळूनमिसळून राहणारे, दुसरीनं तेहेतीस.

सगळी यादी मोजल्यावरही आकडे असेच आले. प्राचार्यांना दोन्ही दाखवले. "०.६ घ्या," म्हणाले. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. फाइलीत दुसरा रकानाच नव्हता.

यूजीसीची भाकरी मात्र न्यारी. २०१८ च्या नियमांप्रमाणे कॉमर्स-मॅनेजमेंटमध्ये मान्य जर्नलातल्या लेखाला १० गुण. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे सात आणि सात, चौदा. तीन असतील तर मुख्य लेखकाला सात, बाकी दोघांना तीन-तीन, एकूण तेरा. चार असतील तर सोळा. एकट्यानं राबलात तर दहाच. मी हे फळ्यावर मांडलं तेव्हा अकाउंट्सचे सर हसून म्हणाले, "म्हणजे ताळेबंद जुळतच नाही." कॉमर्सच्या माणसाच्या तोंडून ते ऐकायला मजा आली. गेल्या काही वर्षांत एकट्यानं लिहिलेले लेख का आटले, याचं सगळं कारण या कोष्टकात आहे असं मी म्हणत नाही. थोडं नक्की आहे.

माझंच सांगते. एका लेखावर मी तिसरी आहे. संदर्भ शोधून दिले, यादी नीट लावून दिली. मजकुरातली एक ओळ माझी नाही. माझ्या वाट्याला तीन गुण. उलट आमच्याकडच्या स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम. अर्ध्या फोंड्याच्या प्रबंधांची, एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधली कोष्टकं त्यांनी काढून दिलीत. त्यांचं नाव एकाही लेखावर नाही. आभारात आहे, 'आणि सर्व सहकाऱ्यांचे' या शब्दांत.

नावांचा क्रम हा आणखी एक घोळ. अर्थशास्त्र आणि फायनान्समध्ये बरेचदा आद्याक्षरांच्या क्रमानं नावं लावतात, मॅनेजमेंटमध्ये कामाच्या मानानं. पहिल्या लेखकालाच श्रेय देणारी रीत वापरली तर आमोणकर आयुष्यभर पुढे आणि झांट्ये आयुष्यभर मागे. ती रीत मी सोडून दिली.

ऑक्टोबरात व्हीओएसव्ह्यूअरवर नकाशा काढला. लायडन विद्यापीठातल्या व्हॅन एक आणि वाल्टमन यांनी केलेलं सॉफ्टवेअर, हेही फुकट. यादी दिली की लेखक म्हणजे ठिपके, एकत्र लिहिलं की मधे रेघ. कॉलेजातल्या सगळ्यांना फार आवडला, रंगीत होता म्हणून. मला दिसली ती मांडवीतली बेटं, दिवाडी आणि चोडण. मधे एक मोठा ठिपका, म्हणजे गाइड, भोवती पाच-सहा लहान, म्हणजे विद्यार्थी, आणि अशी बेटंच बेटं. विद्यार्थी पदवी घेऊन गेला की रेघ तिथेच थांबते. एका गाइडाचा विद्यार्थी दुसऱ्या गाइडाच्या विद्यार्थ्याबरोबर लिहितोय, अशी फेरीबोट एखाददुसरी. आणि कॉमर्सपासून मॅनेजमेंटपर्यंत तर जवळजवळ पाणीच, भले दोन्ही विभाग एकाच पठारावर असोत. आमचं सहकार्य ०.६ आहे ते खरं, पण ते एकाच खोलीतलं आहे. अहवालात हे वाक्य मी लिहिलं होतं. अंतिम प्रतीत ते 'सहकार्याला मोठा वाव आहे' असं झालं.

नकाशावरचा सगळ्यात ठळक ठिपका क्ष. नाईकचा. एक नाही, दोन बेटं जोडणारा. मला केवढा आनंद झाला होता! गोव्यात निदान एक तरी माणूस दोन गाइडांच्या मधे ये-जा करतोय. त्याच्यावर मी वेगळा परिच्छेद लिहिला. हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली काढलेला एच-इंडेक्सही हातानं मोजला: लेख सायटेशनांच्या, म्हणजे इतरांनी दिलेल्या संदर्भांच्या, उतरत्या क्रमानं लावायचे आणि सहाव्या लेखाला निदान सहा सायटेशनं, पण सातव्याला सात नाहीत, असं निघालं की एच सहा. क्ष. नाईकचा सहा आला. यादीत पहिला.

कार्यशाळा पणजीत होती. मी मोजणीच्या रीती सांगितल्या, दहा कार्डांचा हिशेब फळ्यावर केला, सत्तर टक्क्यांच्या कोष्टकावर अपेक्षेप्रमाणे हशा झाला. मग पहिल्या दहांची यादी पडद्यावर लावली, वर क्ष. नाईक. टाळ्या नाहीत, पण माना हलल्या.

चहाच्या वेळी पन्नाशीचे एक गृहस्थ बशीत दोन सामोसे घेऊन माझ्याकडे आले. अगदी मऊ बोलणं.

"मॅडम, पहिल्या क्रमांकावर आपलं नाव बघून बरं वाटलं. पण त्यातले निम्मे लेख माझे नाहीत."

मी कप खाली ठेवला.

"माझं सगळं पतसंस्थांवर. अर्बन बँकांवरचं त्यांचं. पीएच.डी. आम्ही मागेपुढेच केली, गाइड वेगळे. त्यांची पत्रं कधी मला येतात, माझी त्यांना." मग खिशातून फोन काढत म्हणाले, "नंबर आहे माझ्याकडे. देऊ?"

दुपारच्या सत्रात मी मागच्या खुर्चीवर बसून लॅपटॉपवर दोघांना सुटं केलं. सहाचे झाले एकाचे पाच आणि दुसऱ्याचे तीन. वाटणी करून बेरीज वाढते असं एच-इंडेक्समध्येही घडू शकतं. दोघेही यादीत खाली सरकले. नकाशा परत काढला तर ती दोन बेटं सुटी झाली, मधे पाणी आलं. सहकार्याचा गुणांक मात्र तसूभर हलला नाही. लेखावर नावं किती एवढंच त्याला कळतं, ती कुणाची हे तो विचारत नाही.

प्राचार्यांना तिथूनच फोन लावला.

"०.६ बदलला का?"

"नाही, सर."

"मग राहू द्या. फाइल कालच अपलोड झाली."

फोंड्याला पोचायला कदंबाच्या बसनं तास घेतला, बाणस्तारीला गर्दी होती. घरी जेवायला बसले तेव्हा घडलेलं सांगितलं, की तो क्ष. नाईक एक नव्हे, दोन निघाले, आणि त्यातला एक आज समोर येऊन भेटला.

सासूबाई वाढत होत्या. पळी तशीच हातात धरून त्यांनी विचारलं, "खंयचो? काणकोणचा?"